पत्र्यावरचे दगड

मंगळवारी सकाळी मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात जमीन हलली. आधी खालून गुरगुरल्यासारखा आवाज, मग मांडणीवरची भांडी धडाधड खाली... सगळी गल्ली अनवाणी रस्त्यावर.

आमच्याकडे घरं पत्र्याची. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवायचे, ही जुनी पद्धत. धक्का बसला की माणूस दाराकडे पळतो आणि दगड घसरून नेमका तिथंच पडतो. माझ्या चुलतीच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं.

दुपारी तहसीलचे साहेब आले. गाडीतून उतरले, पत्रकं वाटली... 'पत्र्यावरचे दगड काढा, घाबरू नका.' फोटो काढला, निघाले. माझं डोकंच फिरलं.

"दगड काढल्यावर पत्रे कशानं धरायचे साहेब? हुक देता का? का तुम्ही बसता वर?"

गल्ली हसली. साहेबांनी मला खालून वर पाहिलं. "शिक्षण किती रे?"

"बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं."

"तरीच."

आणि समोरच्या दारात ती उभी. ती म्हणजे कोण, हे अख्ख्या गावाला माहीत आहे, फक्त ती माहीत नसल्यासारखी वागते. तिच्यादेखत हे ऐकलं आणि मी ओरडलो, "हुक मिळेपर्यंत या गल्लीतला एक दगड हलणार न्हाई!"

टाळ्या पडल्या. साहेब गेले. मी पुढारी झाल्यासारखा पारावर जाऊन बसलो.

पाच वाजता बघतो तर ती एकटीच तिच्या घराच्या पत्र्यावर. ओढणी कमरेला बांधून दगड उचलत होती...

"अगं, सगळ्यांचं ठरलंय ना?" मी खालून.

"तुझं ठरलंय. आमचे दादा उठून पळतेत का?"

दादा म्हणजे तिचे वडील. अर्धं अंग लुळं पडल्यापासून बाजेवर. सकाळी तिनं आणि तिच्या आईनं त्यांना गोधडीत घालून त्याच दारातून ओढत बाहेर आणलं होतं. मी तेव्हा रस्त्यावर उभा राहून व्हिडिओ काढत होतो.

"लई भाषण केलास. वर ये, न्हाईतर बाजूला हो. डोक्यात पडंल."

वर गेलो. दगड पाटीत भरून दोरीनं खाली सोडले, तिच्या आईनं घेतले. पत्र्याला खिळ्यानं भोकं पाडून सेंट्रिंगची तार घातली आणि वाशाला पिळून बांधली. हाताची सालटं निघाली. तिनं 'लागलं का' एकदाही विचारलं नाही.

साहेबांवरचा राग तसाच आहे. कागद वाटून हात झटकणं ही मदत नव्हे, आणि हुकांसाठी सोमवारी मी तहसीलला जाणारच. पण त्या टाळ्या आठवल्या की माझाच मला जास्त राग येतो... तिच्या वडिलांच्या डोक्यावर दगड तसेच ठेवून मी त्या घेतल्या होत्या.

उतरताना ती एवढंच म्हणाली, "उद्या शेजारच्यांचे काढू. पक्कड आण."

तेव्हापासून रोज सकाळी एक घर करतोय. थँक्यू... तू ही पोस्ट वाचतेयस, माहीत आहे मला.