सात डोक्यांच्या श्वापदाचा अर्थ

मध्यभारत राज्य मोडून नवा मध्यप्रदेश होणार, हे नक्की झालं त्या वर्षी उज्जैनच्या आमच्या फ्रीगंजात ज्याला त्याला काहीतरी संपत आल्यासारखं वाटत होतं. वडील सरकारी कचेरीत होते. राजधानी भोपाळला जाणार, मग आपलीही बदली होणार, यापलीकडे घरात दुसरा विषय नसे. मी बाहेरून इंटरच्या परीक्षेला बसायची तयारी करत होते.

शेजारच्या दोन खोल्यांत एक मराठी ख्रिस्ती बाई राहत. मूळच्या नगरकडच्या, पण उभी हयात उज्जैनला नर्स म्हणून काढलेली. मी त्यांना मावशी म्हणायची. त्यांना बारीक अक्षर दिसेनासं झाल्यापासून रोज दुपारी मी त्यांचं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवत असे. आईची हरकत नव्हती. "देवाचंच वाचतेय ना, वाचू दे," म्हणायची.

मावशींचा धाकटा भाऊ जवळच्याच माधवनगर वस्तीत राहायचा. रेल्वेत फिटर होता. बायको तापात गेलेली, पदरात एकच मुलगी. त्या मुलीला इंदूरला नर्सिंग शिकायला जागा मिळाली होती. मावशींनीच खटपट केली होती. जायचं ठरलं, आणि एका दुपारी तो येऊन दारातच उभा राहिला.

"आक्का, पोरीला नाही पाठवत मी."

"का रे?"

"काय फायदा? हे सगळं आता थोड्या दिवसांचंच आहे."

गावात एक उपदेशक आला होता, त्याची सभा ऐकून हा आला होता. मावशींनी वाद घातला नाही. "उद्या मी पण येते ऐकायला," एवढंच म्हणाल्या. मलाही बरोबर चल म्हणाल्या.

सभा स्टेशनजवळच्या एका अंगणात होती. भिंतीवर एक मोठं रंगीत कापड टांगलं होतं. त्यावर समुद्रातून वर येणारं सात डोक्यांचं, दहा शिंगांचं श्वापद, चार घोडेस्वार आणि आकाशभर पसरलेला लाल अजगर. उपदेशक छडी लावून एकेकाचा अर्थ सांगत होता. दहा शिंगं म्हणजे गादीवरून उतरलेले राजे. संस्थानं गेली, आता राज्यंही मोडताहेत, म्हणजे शेवट दाराशी आला. लोक मान हलवत होते. मलाही क्षणभर खरं वाटलं. राजांच्या गाद्या जाताना आम्ही डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

मावशी उठल्या. "भाईसाहब, मी लहान होते तेव्हा नगरला असंच कापड टांगलं होतं. तेव्हा हे जनावर म्हणजे जर्मनीचा बादशहा होता. दुसऱ्या लढाईत दुसरा कोणी झाला. आता आमचे राजे. एकाच जनावराचे किती अर्थ?"

"बहनजी, तब समय नहीं आया था."

"म्हणजे तेव्हा सांगणारे चुकले. तुम्ही चुकत नाही हे कशावरून?"

तो गोड हसला आणि त्यानं भजन सुरू केलं. भाऊ मात्र चिडला. टांग्यात बसल्यावर म्हणाला, "सगळ्यांसमोर काय गरज होती, आक्का?"

"तुला समजावायला सगळे कशाला पाहिजेत? तू रोज माझ्याकडे ये. शास्त्राचा तो शेवटचा भाग, जिथे हे जनावर येतं, सुरुवातीपासून ऐक. कापडावरचा नाही, लिहिलेला. मग पोरीचं काय ते ठरव."

तो आला. मुलीला घेऊन आला. ड्यूटी संपवून तेलकट हात तसेच मांडीवर ठेवून बसायचा. मी वाचायची, मावशी मध्येच थांबवायच्या. पांढऱ्या घोड्याचा स्वार आला तेव्हा दारात गहू निवडत बसलेली माझी आई म्हणाली, "आमचा कल्कीसुद्धा पांढऱ्याच घोड्यावर येतो हो." मावशी हसल्या. "मग दोघांनाही वाटेत जागा ठेवायला पाहिजे."

भावाचा एक प्रश्न मात्र सुटेना. "जर हे भविष्य नाही, तर सरळ का नाही लिहिलं? डोकी काय, शिंगं काय?"

मावशी म्हणाल्या, "लिहिणारा बेटावर हद्दपार होता. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यावर त्या काळच्या बादशहाचा पहारा. देव म्हणून माझ्याच पाया पडा म्हणणारा बादशहा. त्याचं नाव उघड कोण घेणार?"

मला एकदम आठवलं. बेचाळीसच्या चळवळीत, मी अगदी लहान असताना, माझे काका आमच्याकडे लपले होते. तेव्हा घरात पोलिसांना 'पाव्हणे' म्हणायचे. "पाव्हणे चौकातल्या टॉवरपर्यंत आलेत," असं कोणी म्हटलं की काका मागच्या दारानं निघायचे. मी ते सांगितलं.

भाऊ म्हणाला, "म्हणजे ज्याला कळायचं त्यालाच कळणार."

"आणि त्याला धीर येणार," मावशी म्हणाल्या. "घाबरवायला नाही लिहिलं रे. हे जनावर कितीही मोठं दिसलं तरी टिकत नाही, तुम्ही टिका, हे सांगायला लिहिलंय. असं जनावर दर पिढीत निघतं. म्हणून तर दर पिढीला ओळखीचं वाटतं."

शेवटच्या प्रकरणात स्वर्गातून उतरणारं नगर येतं. त्याच्या वेशी कधी बंद होत नाहीत. तिथे नदी आहे, काठावर झाड आहे, आणि त्या झाडाची पानं राष्ट्रांना बरं करण्यासाठी आहेत. मी वाचून थांबले. मावशींच्या आधी भाऊच बोलला.

"सगळं पटलं, आक्का. पण खरंच काही झालं आणि पोरगी तिकडे एकटी असली तर?"

तेव्हा कळलं की त्याला शेवटाची भीती नव्हती. मुलगी डोळ्यांआड होण्याची होती.

मावशींचा आवाज मऊ झाला. "तुझी बायको गेली तेव्हा तुम्ही सगळे घरात होता रे. मी एकटी ड्यूटीवर होते. घरात कुणाला साधी नाडी बघता आली नाही. जवळ असून काय झालं? देवाला लोकांना बरं करायचंय, हे आत्ताच वाचलं ना? मग शेवट आला तर आपली पोरगी ते शिकताना सापडू दे."

मुलगी इतके दिवस गप्प बसली होती. ती म्हणाली, "बाबा, मला जायचंय."

तो उठून निघून गेला. मला वाटलं, फिसकटलं. दुसऱ्या दिवशी मावशींकडे पोरीच्या सामानासाठी टॉवर चौकातून विकत घेतलेली पत्र्याची पेटी येऊन पडली. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत तो मुलीला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "खाणं-पिणं नीट कर."

उपदेशक कापड गुंडाळून पुढच्या गावी गेला. नोव्हेंबर आला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, आणि वडिलांचा भोपाळचा हुकूम निघाला. सामान बांधायला घेतलं तेव्हा मी त्यांना सांगितलं, "परीक्षा होईपर्यंत मी इथेच राहणार. मावशींकडे."

"लोक काय म्हणतील? आणि तू एकटी?"

"एकटी कशी? मावशी आहेत. आणि यंदा नाही बसले, तर तिथे गेल्यावर तुम्ही कोणी मला बसू देणार नाही."

वडिलांनी हातातल्या दोरीची गाठ पक्की केली. मग आईला म्हणाले, "हिची गादी नको बांधूस."