वरळीच्या बुद्धमंदिरात मामांनी वाजवलं

भाकरीचं पीठ अर्धंच मळून झालं होतं, तेवढ्यात मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "शिवकन्या, हा नगारा कुठं वाजतोय गं?"

मामा म्हणजे माझे सासरे, महालिंगप्पा. अणदूरजवळच्या आमच्या गावात खंडोबापुढं सांजआरतीला नगारा वाजवायचा मान आमच्या घराचा. चाळीस वर्षं मामांनी तो सांभाळला. ताप असो, घरात कार्य असो, आरतीची वेळ झाली की मामा देवळात. माझ्या लग्नात वरात दारात आली तर नवरदेवाचा बापच गायब. सगळे शोधतायत, आणि हे तिकडं नगाऱ्यावर.

श्रावणात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात मागं राहिला. दाखवायला म्हणून आम्ही वरळीला करिश्मावन्संकडं, माझ्या नणंदेकडं आलोय. डॉक्टर म्हणाले, हात चालवत राहा, येईल. पण मामा तो हात उपरण्याखालून बाहेरच काढीत नाहीत. चंपाषष्ठी तीन आठवड्यांवर आली. आज सकाळी चहा घेताना ते आमच्या ह्यांना म्हणाले, "शिवानंद, सांजच्याला पंचांना फोन लावून दे. मान चुलतघराला द्या म्हणून सांगतो." ह्यांनी कप खाली ठेवला.

मी हात धुतले, परात झाकली. आवाज मागच्या बाजूच्या बुद्धमंदिरातून येत होता. जपानी गुरूंनी स्थापलेलं, लई जुनं मंदिर आहे, कुणीही आत जावं, असं वन्सं म्हणाल्या, तशी मी मामांना घेऊन निघाले.

बाहेर गाड्यांचा गोंगाट, आणि आत पाऊल टाकलं की गार फरशी, समोर पांढऱ्या संगमरवराचे बुद्ध. मी आपसूक डोक्यावर पदर घेतला. काय मागायचं ठरवून आले होते ते आठवेचना, इतकं शांत वाटलं. भिंतींवर त्यांच्या चरित्राची सुंदर चित्रं आहेत. मामांनी ती पाहिलीच नाहीत. त्यांचे डोळे मोठ्या ढोलावर. भिक्खू सात अक्षरांचा एकच मंत्र म्हणत ठोके देत होते आणि आलेली माणसं हातपंख्यासारख्या चपट्या ढोलांवर साथ करत होती.

शेजारी बसलेल्या एका बाईंनी तसला एक ढोल मामांपुढं धरला. मामा मागं सरले. "न्हाय बाई. ज्येचा मान हाय त्येला इचारा आधी."

"इथं तसं नसतं, बाबा. येईल त्यानं वाजवायचं."

"आन चुकलं तर?"

"चुकलेलं ऐकायला मोकळं कोण आहे इथं?"

मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "आपल्याकडं एक ठोका हुकला तर पुजारी वळून बघतो."

मग त्यांनी खिशातल्या पुडीतला चिमूटभर भंडारा स्वतःच्या कपाळाला लावला आणि बुद्धांना म्हणाले, "देवा, म्या खंडोबाचा माणूस. ऱ्हावलं न्हाय म्हणून हात लावतोय."

डाव्या हातात ढोल, उजव्यात काठी. काठी दोनदा सुटली. मी उचलायला वाकले तर त्यांनी नजरेनंच नको म्हटलं. स्वतः उचलली. मूठ आवळताना गळ्याच्या शिरा वर आल्या. एक ठोका उशिरा पडायचा, दुसरा पडायचाच नाही. पण प्रार्थना संपेस्तोवर थांबले नाहीत, सदरा घामानं भिजला. ज्या माणसाचा ठोका चाळीस वर्षं कधी हुकला नाही, तो अनोळखी माणसांत बसून सगळ्यांदेखत चुकत होता. माझ्यानं हे झालं नसतं. मी खाली बघून डोळे पुसले.

घरी आल्यावर ह्यांनी मामांना विचारलं, "दादा, पंचांना लावू का फोन?"

"लाव. म्हणावं, नगाऱ्याला म्याच बसणार. चुलतघराचा सिदू शेजारी बसंल, म्या थकलो की त्यानं धरायचं."

"आन हात?"

"हाताचं बघू. नगाऱ्याची टिपरं बारीक पडतात रं, मुठीत ऱ्हात न्हाईत."

मामा अजून फोनवर बोलतायत. हे लिहितेय ती वही मिटून मला खालच्या सुताराकडं जायचंय, जाड मुठीची दोन टिपरं करायला सांगायला.