वहिनीचं मशीन आणि राणीसरकार

नणंदेला भावजयीचं कौतुक करायचं म्हणजे जरा जडच जातं. जीभ वळत नाही. तरी सांगते, कारण त्या दोन महिन्यांत मी तिला जवळून पाहिलं आणि माझीही थोडी खोड मोडली.

वहिनी शिवणकाम करते, चौतीस वर्षं झाली. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, आणि पोट सुटलेल्यांच्या पँटी सैल करणं. माझा थोरला भाऊ, दादा, नकाशे काढायच्या कचेरीत होता. निवृत्त झाला आणि चारच महिन्यांत झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला एक ‘हं’. मी एकटीच, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. तेव्हापासून दुपारी खाली येऊन बसायला लागले.

दादा घरी आला तसं वहिनीनं मशीन आतल्या खोलीतून बाहेर आणलं. तो नजरेआड नको होता आणि कामही थांबवून चालणार नव्हतं. कपडे घालून बघायला येणाऱ्या बायकांना आजारी माणूस एकदम समोर दिसू नये म्हणून दादाची माशाची टाकी तिनं खोलीच्या मधोमध आडोशासारखी ठेवली. टाकीच्या अलीकडे दादाची खुर्ची, पलीकडे टाकीच्या स्टँडला खेटून मशीन. गुडघे दुखायला लागले होते म्हणून मशीनला मोटरही बसवून घेतली.

टाकीत एकच मासा. एंजल जातीची मादी, तळहाताएवढी, चंदेरी, अंगावर उभे काळे पट्टे. चालीत इतका तोरा की दादानंच तिला राणीसरकार म्हणायला सुरुवात केली होती. आता तो तासन्‌तास टाकीकडे बघत बसे. दुपारचं ऊन पाण्यातून छतावर जाई आणि तिथे हलत राही. मशीनची घरघर चालू असे. मी मांडीवर वर्तमानपत्र घेऊन पेंगत असे, आणि मला वाटे की सगळी खोलीच पाण्याखाली आहे, आम्ही त्यात संथ तरंगतो आहोत, घाई कुणालाच नाही. दुःख होतंच, पण त्या दोन तासांपुरतं ते तळाशी बसे.

“त्यांचा जीव तिच्यात आहे, वन्सं,” वहिनी हळूच म्हणायची. “ती आहे तोवर हे आहेत.”

आणि राणीसरकार आजारी पडल्या. पंख अंगाला मिटून घेतले, पट्टे फिके झाले, अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उठले. कोपऱ्यातल्या फिल्टरच्या नळीमागे लपून बसायच्या, खाणं समोरून बुडून जायचं.

वहिनी मासेवाल्याकडे धावली. मासेवाला म्हणजे पाळायचे मासे विकणारा, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. त्यानं औषधाचे थेंब दिले, पाणी जरा कोमट ठेवा म्हणाला, थोडं मीठ, दिवा बंद, रोज चौथा हिस्सा पाणी बदला. वहिनीनं शिवणाच्या खडूनं टाकीच्या काचेवर खूण केली आणि तेवढंच पाणी काढायची, ना बोटभर जास्त ना कमी. “माशासाठी एवढं?” मी म्हणाले. मी शाळेत गणित शिकवलं, मला प्रत्येक गोष्टीचा हिशोब विचारायची वाईट सवय आहे. ती टाकीपाशी बसून अभ्रे दुमडत राहिली आणि मधूनच पाण्याशी पुटपुटायची, “खा ग बाई. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी खा.” मला तेव्हा माझीच लाज वाटली.

आठवड्याभरात ठिपके गेले, पण नळीमागून बाई हलेनात. मासेवाला म्हणाला, “ताई, काहीतरी घाबरवतंय तिला. ते शोधा.”

वहिनीनं शोधलं. पेलाभर पाणी स्टँडवर ठेवलं आणि मला मशीनवर बसवलं.

“दाबा पाय.”

“मला येत नाही.”

“शिवायचं नाहीये वन्सं, नुसतं दाबा!”

मी दाबलं. पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठली, एकामागून एक, आणि नळीमागे राणीसरकार आणखी आक्रसल्या. वहिनीनं मला थांबवून मोटर बंद केली. मशीन हातभर मागं घेतलं, खाली जाड चटई घातली. पण जमीन लाकडी, थरथर पोचतच होती.

“मीच मारत होते तिला,” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मशीन स्वयंपाकघरात गेलं. तिसऱ्या दिवशी राणीसरकार बाहेर आल्या, दहाव्या दिवशी पंख पूर्ण उघडून खाणं टिपायला लागल्या. वहिनी एखाद्या परीक्षेत पास झाल्यासारखी घरभर फिरत होती.

आणि दादानं जेवण सोडलं. दोन घास, की मान फिरवायचा. खुर्चीत बसवलं तर डोळे मिटायचा, पलंगावर निजवलं तर भिंतीकडे तोंड. डॉक्टरांनी तपासलं, नवीन काही नाही म्हणाले. वहिनीचं तोंड उतरलं. मासा बरा झाला होता आणि माणूस हातातून चालला होता.

एका दुपारी दादा पलंगावर होता, आणि माझी पाठ धरली म्हणून मी त्याच्या खुर्चीत बसले. समोर टाकी. राणीसरकार डावीकडे निघून गेल्या आणि मला पाण्यातून आरपार पलीकडचं दिसलं: वहिनीचं मशीनपुढचं रिकामं स्टूल, त्यामागं दार. आयुष्यभर गणित शिकवलेली मी, मला हा साधा हिशोब सुटला नव्हता.

वहिनीला सांगितलं तर म्हणाली, “काहीतरीच!” आणि लाजलीसुद्धा. तरी मी ऐकलं नाही. दादाला खुर्चीत बसवलं, वहिनीला बटणं लावायला स्टुलावर पाठवलं. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. मासा वरच्या कोपऱ्यात होता. दादाचे डोळे तिकडे नव्हते. मी खुणेनं वहिनीला स्टूल सरकवायला लावलं. डोळे सरकले. पुन्हा दुसरीकडे. पुन्हा सरकले. वहिनीच्या हातून बटण पडलं आणि गडगडत कुठल्या कुठे गेलं, तिनं शोधलं नाही.

“मग इतके दिवस हा माणूस मासा बघत नव्हता?” ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी टाकीतलं पाणी बादल्यांत उपसलं, राणीसरकारांना एका बादलीत घालून, वर कापड झाकून नेलं आणि टाकी आतल्या खोलीत, मशीनच्या जुन्या जागी लावली. त्यांनी तासाभरात नवं राज्य ताब्यात घेतलं. मशीन पुन्हा बाहेर आलं, दादाच्या खुर्चीसमोर, मध्ये आता काहीच नाही.

वहिनी बसली. गणवेशाची कॉलर घेतली. सुईत दोरा घालायला वाकली आणि तो जाईना. एकदा चुकला, दोनदा चुकला. कानशिलं लाल झाली.

“अहो,” ती मान वर न करता म्हणाली, “असं बघत बसलात तर कसं व्हायचं माझं?”

“हं,” दादा म्हणाला, आणि बघत राहिला.

मी उठले आणि राणीसरकारांना खाणं घालायला आत गेले.