वरची बाजू, खालची बाजू

आमच्या वरसे गावातून रोह्याला जायची रिक्षा पकडायला निघाले की वाटेत एका ओटीवर एक मावशी गोधडी शिवताना दिसायच्या. चार वर्षं तीच गोधडी. तुकडे गावभरातून मागून आणलेले. आवडती माणसं वर लावायची, भांडलेली खाली, जमिनीच्या बाजूला, असा त्यांचा कायदा.

"मावशी, ही पुरी कधी होणार?"

"कशी व्हनार गो? मानसं एका बाजूला ऱ्हातात काय?" त्यांनी जावेच्या साडीचा हिरवा तुकडा वरून उसवला आणि खाली लावायला घेतला.

"आणि काकांचा सदरा कुठल्या बाजूला?"

"तो उसवून उसवूनच फाटला."

घरात काका खोकले.

मीही माझ्या जुन्या निळ्या ड्रेसचा तुकडा दिला. तो वर लागला, तोही अगदी मधोमध. आठवडाभर मी गावातून ताठ मानेनं चालले. मग एके दिवशी उशीर झाला म्हणून मावशींना हाक न मारताच पुढे गेले.

संध्याकाळी परतले तर मावशींच्या हातात कातर आणि कातरीखाली माझा निळा तुकडा.

मी चपला काढून ओटीवर चढले.

"बस गो," त्या मान वर न करता म्हणाल्या, "आजून दोनच टाके उसवलेत."