इस्त्रीवाल्याला विचारा

घर घ्यायचं असेल तर बिल्डरला विचारू नये, चेअरमनला तर मुळीच विचारू नये, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारावं, असा श्रीनिवास घारपुरे यांचा सिद्धान्त होता. कोणाच्या घरात सकाळीच भांडण लागतं, कोणाच्या दारात नवी गाडी आणि अंगात उसवलेला शर्ट, कोण दार पूर्ण उघडतं आणि कोण फटीतून गठ्ठा बाहेर ढकलतं, हे सगळं त्याला ठाऊक असतं. शिवाय त्याला काही विकायचं नसतं, त्यामुळे तो खोटं बोलत नाही.

श्रीनिवासरावांनी हडपसरच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात तीस वर्षं काढली होती. आलेला माल बघायचा आणि नापास झाला तर त्यावर तांबडी खूण करायची, एवढंच काम. निवृत्तीनंतर माल गेला, खूण करायची खोड राहिली. भाजीवाली, जावई, नगरसेवक, बायकोच्या माहेरचे, कोणी सुटलं नाही.

शहाऐंशी साली त्यांनी हडपसरला फ्लॅट घेतला तेव्हा पेठेतल्या चुलतभावानं विचारलं होतं, "म्हणजे सोलापूर जवळ पडेल, नाही?" खरं कारण एवढंच की कोथरूड झेपत नव्हतं. पण पुढे उसाचे फड गेले, काचेच्या इमारती आल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं भाड्याचं घर शोधत फिरू लागली, आणि न झेपलेल्या कोथरूडची दूरदृष्टी झाली. "मी वीस वर्षांपुढचं बघितलं होतं," असं श्रीनिवासराव सांगू लागले. त्यांच्या पत्नी हेमाताई तेव्हा उठून स्वयंपाकघरात जात. लोक त्यांना फ्लॅट बघायला नेऊ लागले. ते प्रत्येक जागा तीनदा बघत. सकाळी पाण्यासाठी, संध्याकाळी पार्किंगसाठी, आणि दुपारी दोन वाजता शांततेसाठी. दुपारी एक ते चार ज्या वस्तीत आवाज होतो तिथे सभ्य माणसानं राहू नये, हे त्यांच्या लेखी कायद्याइतकं पक्कं होतं.

दोन हजार आठ साली त्यांच्या मुलीनं, नम्रतानं, फोन केला. ती आणि तिचा नवरा दिग्विजय सहा वर्षं इंग्लंडात, रेडिंगला होते. आता दिग्विजयच्या कंपनीनं त्याला अमेरिकेत डॅलसला पाठवायचं ठरवलं होतं. कंपनी पंधरा दिवस हॉटेलात ठेवणार, त्यानंतर आपलं आपण बघायचं. त्यातच त्यांच्या लेकीची, इराची शाळा सुरू होणार, आणि तिकडे ज्या भागात घर त्याच भागातली शाळा.

"एरिया मी बघतो," श्रीनिवासराव म्हणाले.

"अहो, तुम्ही लोणी काळभोरच्या पलीकडे गेला नाहीत अलीकडे," हेमाताई म्हणाल्या.

"त्यासाठी जावं लागत नाही. दृष्टी लागते."

मग कॉम्प्युटरवर उपग्रहातून घेतलेले फोटो उघडून, नाकावर चष्मा ओढून, ते आठ दिवस डॅलसवरून फिरले. एक वस्ती विमानतळाजवळ म्हणून तांबडी. एकीत घरांना कुंपण नाही म्हणून तांबडी. एकीत सगळी छपरं सारखी. "रात्री माणूस चुकून दुसऱ्याच्या घरात जायचा." तांबडी. अखेर शहराच्या उत्तरेला, प्लेनोत, त्यांना एक गल्ली सापडली. फोटोतल्या सावल्यांवरून दुपारचे दोन असावेत असा त्यांनी अंदाज बांधला, आणि त्या दोन वाजता अख्ख्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"हेमा, हे बघ. सगळे झोपलेत. सुसंस्कृत वस्ती आहे."

अमेरिकेत त्या वेळी सगळे कामावर असतात आणि उरलेले मोटारीत असतात, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी नम्रताला एकवीस कलमांचं पत्र लिहिलं. शेवटचं कलम होतं, 'शेजाराची चौकशी इस्त्रीवाल्याकडे करावी.'

नवल म्हणजे नम्रतालाही तीच वस्ती आवडली. शाळा चांगली होती, एवढंच तिचं कारण. श्रीनिवासरावांनी सोसायटीच्या बाकावर बसून ही बातमी सहा जणांना सांगितली.

पण डॅलसला उतरल्यावर गाडी अडली. एकही घरमालक त्यांना घर देईना. एक नाही, दोन नाही, पाच ठिकाणी नकार. हॉटेलचे चार दिवस उरले तेव्हा नम्रताचा फोन आला. आवाज रडवेला.

"बाबा, इथे आमचं भाड्याचं, कर्जफेडीचं काही रेकॉर्डच नाही. आम्ही नवीन. कॉम्प्युटरवर नाव टाकतात, काही आलं नाही की नको म्हणतात."

"इंग्लंडात सहा वर्षं राहिलात ते?"

"तिकडचं इथे चालत नाही."

"म्हणजे माणूस बघायचा नाही, बोलायचं नाही, नुसत्या नावावरून नको म्हणायचं?" श्रीनिवासरावांचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "ही काय पद्धत झाली? माणसाची काही किंमत?"

हेमाताई मेथी निवडत होत्या. "हो ना," त्या म्हणाल्या. "वाईटच वाटत असेल."

श्रीनिवासरावांनी बायकोकडे बघितलं. ती मेथीकडे बघत होती.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट अशी होती. सोसायटीच्या फाटकाशी रज्जाकभाईंचं इस्त्रीचं दुकान. तळमजल्यावरच्या दत्तोबांना गावी परत जायचं होतं, आणि त्यांचा फ्लॅट रज्जाकभाईंनी घ्यायचा ठरवला. दत्तोबांची तयारी होती, बँकेची तयारी होती. श्रीनिवासराव तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी आरडाओरडा केला नाही, तो पुण्याचा रिवाज नव्हे. कमिटीच्या सभेत 'योग्य ती कागदपत्रे येईपर्यंत विषय पुढे ढकलण्यात येत आहे' असं तीन वेळा सुंदर अक्षरात लिहिलं. चौथ्या वेळी ते स्वतः दुकानावर गेले आणि आवाजात साय आणून म्हणाले, "रज्जाकभाई, तुमच्या भल्याचं सांगतो. इथे तुम्हाला करमायचं नाही." रज्जाकभाईंनी मांजरीच्या रस्त्याला दोन खोल्या घेतल्या आणि तिथून रोज सायकलनं येऊन श्रीनिवासरावांचे शर्ट कडक करत राहिले. श्रीनिवासरावांच्या मते त्यात कोणाचंच काही बिघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नम्रताचा पुन्हा फोन. या वेळी आवाज हसरा.

"बाबा, घर मिळेलसं दिसतंय. तुम्ही निवडली तीच गल्ली! शबनम आठवते? रज्जाककाकांची? ऑर्कुटवर भेटली. ती तिथेच असते, सॉफ्टवेअरमध्ये. दोन गल्ल्या पलीकडे मोठं घर घेतलंय त्यांनी, हे पहिलं भाड्यानं द्यायचंय. तिला रेकॉर्ड वगैरे नकोय."

"मग?"

"तिचा नवरा म्हणतो, माणसं कशी आहेत ते तरी विचार. तर ती आज रज्जाककाकांना विचारणार आहे." नम्रता खळखळून हसली. "तुमचाच नियम, बाबा. इस्त्रीवाल्याला विचारा!"

श्रीनिवासरावांनी फोन ठेवला. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याचा माल तपासला होता. आपण तपासणीच्या पट्ट्यावर आहोत आणि समोर कोणीतरी तांबडा खडू घेऊन उभा आहे, ही भावना त्यांना नवीन होती. नात तीन दिवसांनी कुठे झोपणार हे आता त्या फाटकाजवळच्या पत्र्याच्या दुकानावर ठरणार होतं. त्यांनी कपाट उघडलं, हाताला लागले ते सहा शर्ट काढले आणि चपला घातल्या.

"अहो, ते कालच इस्त्री होऊन आलेत," हेमाताई म्हणाल्या.

"असू देत."

रज्जाकभाई कोळशाची इस्त्री फुंकत होते. दाढी पांढरी झालेली, हात मात्र तेच. श्रीनिवासरावांनी गठ्ठा ठेवला आणि हवेबद्दल बोलले. मग रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलले. मग रज्जाकभाईंच्या तब्येतीची चौकशी केली. ही चौकशी इतक्या वर्षांत पहिलीच, म्हणून रज्जाकभाई थोडे घाबरले.

"मी मजेत आहे, साहेब. काय झालं?"

"नाही, म्हणजे... शबनमचा फोन आला होता का?"

"आला ना सकाळी. म्हणाली, अब्बा, नम्रताला घर देऊ का? म्हटलं, विचारतेस काय? दे! बारावीला गणिताच्या वह्या कुणी दिल्या होत्या तुला? इथं या बाकड्यावर बसून दोघींनी अभ्यास केलाय. पोरगी सोनं आहे."

श्रीनिवासरावांचा जीव भांड्यात पडला. तिथेच त्यांनी निघायला हवं होतं. पण सर्टिफिकेट हातात आलं की त्यावर आपलं नाव आहे का, हे बघितल्याशिवाय घारपुऱ्यांना राहवत नाही.

"आणि आमच्याबद्दल? आमच्याबद्दल काय विचारलं तिनं?"

रज्जाकभाईंनी शर्टाची कॉलर सरळ केली. इस्त्री एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली.

"तुमच्याबद्दल नाही विचारलं, साहेब. तुम्ही त्या दिवशी दुकानावर आला होता ना, दत्तोबांच्या फ्लॅटचं सांगायला, तेव्हा ती मागं बसलेली होती. पडद्यांची मापं लिहीत होती. खिडक्या मोजून आली होती ती आदल्या दिवशी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, त्याला काही उत्तर तरी देता आलं असतं. श्रीनिवासरावांना लाज वाटली, इतकी की कान तापले. ते बाकड्यावर बसले. आजवर ते त्या बाकड्यावर कधी बसले नव्हते.

रज्जाकभाईंनी गठ्ठा सोडला आणि वरचा शर्ट उलगडून बघितला. "हे तर इस्त्री झालेलेच आहेत."

"हो."

रज्जाकभाईंनी त्याची पुन्हा जशीच्या तशी घडी केली आणि गठ्ठा बांधून त्यांच्या मांडीवर ठेवला. मग काहीतरी आठवून म्हणाले, "हां, साहेब, एक गोष्ट तिनं तुम्हाला विचारायला सांगितली आहे. पोरगी काळजी करते हो. म्हणते, तिथं आसपास आपली माणसं फारशी नाहीत, दुपारी तर रस्त्यावर कुणीच नसतं." त्यांनी खरोखरच काळजीनं श्रीनिवासरावांकडे बघितलं. "नम्रताला तिथं करमेल ना?"

श्रीनिवासरावांनी मांडीवरचा गठ्ठा छातीशी धरला. रज्जाकभाई इस्त्री हातात धरून उत्तराची वाट बघत उभे होते.