तंद्रीमामांची शांतता

गाड्यांमध्ये मोठे स्पीकर आणि त्यांना ताकद पुरवणारे अ‍ॅम्प्लिफायर बसवणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार तंद्रीमामा म्हणायचा. नाव उगाच पडलं नव्हतं. काम संपलं की मामा मागच्या सीटवर जाऊन बसायचे. इंजिन चालू, दारं बंद, गाणं मात्र नाही. गिऱ्हाईक बाहेर ताटकळायचं आणि आत मामा डोळे मिटून कुठल्या कुठे पोचलेले असायचे. "आधी शांतता ऐकायची," ते म्हणायचे, "ती स्वच्छ असली की गाणं काय, कुणीही लावेल."

तार ओढतानाही तेच. बॅटरीपासून निघालेली जाडजूड तार गालिच्याखालून डिकीकडे नेताना त्यांना वाटायचं, आपण पाण्याला वाट करून देतोय. बारीक तार तापते, म्हणून तिथे चिक्कूपणा नाही. बॅटरीला लागूनच फ्यूज. आवाजाची तार गाडीच्या दुसऱ्या अंगाने, कारण या दोघींचं शेजारी शेजारी पटत नाही. आणि अर्थिंगची तार पत्र्याचा रंग खरवडून, उघड्या लोखंडावर, नाहीतर इंजिनाची कुरकुर स्पीकरमध्ये शिरते.

एकदा गाणं शिकवणाऱ्या बाई गाडी घेऊन परत आल्या. "मामा, स्पीकरमधून शिट्टी येते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती पण चढते."

मामा आत बसले, डोळे मिटले. शिट्टीचा पत्ताच नाही. "बाई, तुमचे कान जरा जास्तच तयार आहेत," ते हसून म्हणाले. बाईंना ते लागलं. गाडी तिथेच ठेवून त्या चालत्या झाल्या.

मामा इंजिन चालू ठेवून विचार करत होते, तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. नवऱ्याच्या समाधीचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. घरात हाक मारली तर ऐकू जात नाही, आणि इथे म्हणे शांतता ऐकतात! उघड्या दारातून वाकून ती म्हणाली, "अहो, कसली शिट्टी वाजतेय ही?"

म्हणजे शिट्टी होती; ऐकू येत नव्हती ती फक्त मामांना. कानच गेले तर आपल्याकडे उरलं काय? ते डिकीत शिरले आणि अर्थिंगचा बोल्ट उघडला. खाली रंग जसाच्या तसा. खरवडायचं राहूनच गेलं होतं. एरवी कानांनी चूक तिथल्या तिथे पकडली असती. त्यांनी पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला.

"अगं, जरा मागे बसतेस?"

"मी? माझा स्वयंपाक व्हायचाय अजून."

पण त्यांचा चेहरा बघून ती बसली. मामांनी दारं लावली, पुढे बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि आरशात तिच्याकडे बघत राहिले. तिने डोळे मिटले. कपाळावरची आठी हळूहळू विरघळली. मामांचा जीव टांगणीला लागला.

"आहे अजून?"

"शू!" ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, डोळे न उघडताच, "किती छान आहे हो हे. इतकी वर्षं एकटेच ऐकत होतात?"

मामांनी बाईंना फोन लावला आणि आधी माफी मागितली. फोन ठेवल्यावर मात्र अलीकडे त्यांनी शांतता ऐकून पसंत करून सोडलेल्या सगळ्या गाड्या डोळ्यांसमोरून जात होत्या.

"कितीजण ती शिट्टी ऐकत फिरत असतील गं?"

बायको सीटवर अजून ऐसपैस बसली. "बोलवा एकेकाला," ती म्हणाली. "मी बसते."