आमच्या घरातला दीड नंबर

साल दोन हजार तेवीस. माझं वय एकाहत्तर. त्या साली आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणाचा तरी नंबर आला, आणि तो दीड आला.

मी दुसरीतून शाळा सोडली. (खरं म्हणजे शाळेनंच मला सोडलं. दोन वर्षं दुसरीत बसलो तरी मी उठेना!) माझा पोरगा दहावीला तीनदा धडकून माघारी फिरला. त्यामुळं पाचवीतली नात साक्षी दारातूनच "आबा, मला नंबर आलाय" म्हणाली, तेव्हा माझी छाती फुगली.

"कितवा गं?"

"दीड."

दुसरा शहाणा माणूस इथं थांबला असता. मी म्हटलं, पहिल्या आणि दुसऱ्या पोरीत भांडण नको म्हणून बाईंनी हिला मधोमध बसवली असंल! पोरगी रडवेली दिसत होती, ते मी आनंदाचं रडू धरलं. पेढे घेतले आणि थेट पारावर.

पारासमोर रफिक मिस्त्रीचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. त्यानं हात पुसून पेढा तोंडात टाकला.

"मुबारक हो आबा! कितवा नंबर?"

"दीड!"

त्याचं तोंड हलायचं थांबलं. "आबा... मायनस का प्लस?"

"म्हंजे?"

"अवो, आज शाळेत डोळे तपासायला आलते ना! माझ्या पोराला बी पाऊण निघालाय. त्यो चष्म्याचा नंबर हाय!"

पारावरच्या अकरा माणसांना पेढा गिळावा का हसावं, कळेना. दोघांना ठसका लागला. एकजण म्हणाला, "आबा, मोतीबिंदू झाला की जिलबी सांगा बरं का!"

फणफणत घरी आलो. सून मंदा भाकऱ्या थापत होती.

"आमच्या घराण्यात चष्मा न्हाई!" मी गरजलो आणि भिंतीकडं बोट केलं. रोज अंघोळ झाली की तिथल्या फोटोला हात जोडल्याशिवाय मी चहा घेत नाही. "त्यो बघ माझा बाप! फेटा दिसतोय का? आता सांग, चष्मा दिसतोय का?"

साक्षीनं डोळे बारीक केले. "न्हाई दिसत, आबा."

"मग!"

"मामा, पण त्यो फोटू..." मंदा मधीच बोलली.

"सुनंनं सासऱ्याच्या बापावर बोलू न्हाई!"

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, लाजली.

शाळेनं साक्षीजवळ दिलेली चिठ्ठी बीडच्या दवाखान्यात दाखवायची होती. म्हटलं चला, डॉक्टरचं खोटं डॉक्टरच्याच दारात पाडू! एसटीत मी साक्षीला बेत सांगितला. "आधी माझे डोळे तपासायला लावतो. ह्या वयात माझे ठणठणीत निघाले, तर तुझे कशानं बिघडतील? आन अडलोच, तर मी खाकरतो. तू मागं उभी राहून बघायचं. डावीकडं असंल तर माझी डावी बाही वढ, उजवीकडं असंल तर उजवी. वर असलं तर मानंला टोच, खाली असलं तर पाठीला."

"पर आबा..."

"पर न्हाई आन बिर न्हाई!"

डोळे तपासणारी बाई वयानं माझ्या नातीएवढीच वाटली, आणि तिला स्वतःलाच चष्मा! समोरच्या पाटीवर इंग्रजी 'ई', कुठं सुलटा, कुठं उताणा, कुठं पालथा. मला तर ते शेतातलं दाताळंच दिसलं.

"आजोबा, दात कुणीकडं आहेत ते हातानं दाखवा."

पहिलं दाताळं बैलाएवढं होतं, ते मारलं. दुसरी ओळ डोळे चोळत चोळत पार केली. तिसरीला आलो.

"हे कुणी पुसलं?"

"पुसलेलं नाही आजोबा."

मी खाकरलो. डावी बाही ओढली गेली. "डावीकडं!"

"चूक."

मानेला बोट टोचलं. "वर!"

"चूक."

पाठीत दणका बसला. "खाली!"

"आजोबा, अजून तेच दाखवतेय मी."

माझं डोकं सटकलं. गर्रकन मागं वळलो. "आज्याची आब्रू कावून घालवतीस गं? नीट बघून वढ की!" (इथं बाईंना सगळा बेत कळला.)

साक्षीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "मला बी दिसत न्हाई आबा. मी अंदाजानं वढत हुते. फळ्यावरचं बी मी अंदाजानंच लिहिते. मग बाई म्हंत्यात, ध्यान न्हाई तुझं."

पारावर अकरा जण हसले तेव्हा मला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं ते लागलं. वर्षभर पोरगी अंदाजानं पाढे लिहीत होती, आणि मी तिला बापाचा फोटो दाखवत होतो.

"बाई," मी खुर्चीवरून उठलो, "आधी हिला बसवा."

बाईंनी तिच्या नाकावर लोखंडी चौकट चढवली आणि तिच्यात एकेक भिंग सरकवायला लागल्या. "हे बरं का ते? आता?" चौथ्या भिंगाला पोरगी खुर्चीवरून उडालीच! "आबा, समद्या वळी दिसत्यात! खाली छापखान्याचं नाव बी हाय!" मग ती दिसेल ते वाचत सुटली. भिंतीवरचं 'शांतता राखा' तर इतक्या मोठ्यानं वाचलं की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

"दीडच आहे," बाई हसून म्हणाल्या. "शाळेत बरोबर सांगितलंय. आजोबा, तुमचा अडीच."

"म्हंजे नात माझ्या वर गेली म्हणा की!"

आठवड्यानं संध्याकाळी दोघांचे चष्मे घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, चष्मा चढवला आणि बापापुढं हात जोडून वर बघितलं.

बापाला चष्मा होता!

"मंदाऽ! माझ्या बापाला चष्मा कुणी लावला?"

"मामा, त्ये तुमचे वडील न्हाईत," मंदा चुलीपासून ओरडली. "दिवाळीला भिंत रंगवली तवा त्यांचा फोटू पेटीत ठिवला. ह्ये बियाणाच्या दुकानाचं क्यालेंडर हाय, वर फेटा घातलेल्या मालकाचा फोटू. कवाधरनं सांगतीय, तुमी बोलू द्याल तवा!"

साक्षीनं नवा चष्मा सावरत खालची ओळ खडखडीत वाचली. "अस्सल बियाणं, उगवणीची खात्री!"

मी बापाचा फोटो पेटीतून काढला, धोतरानं पुसून खिळ्याला लावला आणि त्याची माफी मागितली. मग खाली ठेवलेल्या कॅलेंडरवाल्यालाही हात जोडले. इतक्या महिन्यांची रोजची ओळख, एकदम कशी तोडायची?